काटा नवावर

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. आमच्या जुनी विमानं मंडळाचे अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य आहेत आणि विमानाशी त्यांचा संबंध खिडकीजवळची सीट मागण्यापुरता आहे. त्यांनी ठरवलंय की पत्रिकेतल्या ‘कॉकपिट ओळखा’ या सदराचं पुस्तक काढायचं. पुस्तकावर नाव कोणाचं येणार ते सांगायला नकोच. तेव्हा कुठला फोटो कोणी, कधी आणि किती मिनिटांत ओळखला याची नोंद इथे राहील.

सदर असं चालतं. कोणाच्या तरी माळ्यावर, एखाद्या मेलेल्या काकांच्या पेटीत, जुन्या दुर्मीळ विमानाच्या कॉकपिटचा फोटो सापडतो. बाहेरचं विमान दिसत नाही. आतली तबकड्यांची फळी, दांडा आणि फार तर बैठकीचा काठ, एवढंच. त्यावरून विमान कुठलं ते सांगायचं. चाळीस सभासद महिनाभर डोकं खाजवतात आणि चुकतात. मागच्या खेपेला डॉक्टरांनी पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानाला लढाऊ म्हटलं, कारण काय, तर दांड्यावर लाल बटण होतं. लाल बटण त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीलाही आहे. तिच्यातून ते बॉम्ब टाकतात का?

मी विमानदुरुस्ती कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली सतरा फोरमन म्हणून. मला एका फोटोला चार मिनिटं लागतात. गुपित काही नाही. तबकड्या बघायच्या. कुठली कुठे आहे, केवढी आहे, काटा कसला आहे. बाकी सगळी रंगरंगोटी. माणसं खोटं बोलतात, कागद खोटं बोलतात, तबकडी बोलत नाही.

हे ताईला ऐकवलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती माझ्याकडे असते. तिच्या मते मी तिच्याकडे असतो. म्हणाली, “मग हे डॉक्टरांना सांग की. वहीला कशाला सांगतोस?” तिला या विद्येची किंमत नाही. तिनेही त्याच कारखान्यात बावीस वर्षं काढली, पण शिवणखात्यात. सीटा, गाद्या, पट्टे. त्याला कोणी विमानविद्या म्हणत नाही.

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी माणूस पाठवून एक पाकीट दिलं. वर चिठ्ठी, ‘फोरमनसाहेब, हे तुम्हीच बघा, जरा नाजूक आहे.’ त्यांना दातांशिवाय सगळंच नाजूक वाटतं.

आत एका गणिताच्या शिक्षिकेचं पत्र आणि एक फोटो. नव्या रस्त्यासाठी डोंगर फोडताना एका कपारीखाली विमानाचा पुढचा तुकडा दिसला. तिथल्या इंजिनिअरने फोटो काढले, दुसऱ्या दिवशी ती बाजू ढासळली आणि तुकडा गाडला गेला. धड आलेला फोटो हा एकच. बाईंचं म्हणणं, हे विमान त्यांच्या वडिलांचं. एकेचाळीस वर्षांपूर्वी ते टपाल घेऊन ‘टिटवी’तून निघाले ते परत आलेच नाहीत.

वाचता वाचता मी हसलो. हे तर जावयाचं प्रकरण!

जावई हे त्याचं कारखान्यातलं नाव. आमच्याकडे विमान तपासायला आणायचा तेव्हा जावई सासुरवाडीला येतो तसा यायचा. खुर्ची मिळेल, चहा येईल, सगळे उठून उभे राहतील, अशा थाटात. शीळ घालत. वैमानिक सगळे तसलेच. यांना तबकडीवरचे आकडेसुद्धा वाचायचे कष्ट नकोत. शाळेचा शिपाई घड्याळाचे काटे कसे वाकलेत ते बघून घंटा देतो, तसे हे काटा कुठे झुकलाय ते बघून उडतात.

तर हा जावई विमानासकट गायब झाला. डोंगर पालथे घातले, काही मिळालं नाही. चौकशीत निघालं की विमान सीमेपलीकडे नेऊन विकलं. दप्तरात शेरा पडला: ‘वैमानिक विमानासह फरार.’ मला आश्चर्य वाटलं नव्हतं.

टिटव्या एकूण पाचच झाल्या. दोन मोडीत गेल्या, एक जळाली, एक संग्रहालयात आहे. पाचवी जावयाची. म्हणजे फोटोतलं विमान टिटवी ठरलं तर जावई चोर नव्हता, डोंगरावर आपटून मेला. आणि ते ‘बगळा’ निघालं, तर बगळे म्हणजे शिकाऊ मुलांची विमानं, तसली डझनावारी पडलीत. विमान खात्याने बाईंना सांगितलंय की वीस तारखेच्या आत मंडळाचा दाखला आणा, नाहीतर फाईल कायमची बंद.

दोन्ही विमानं एकाच कारखान्याची. फळी सारखीच, फरक फक्त अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या तबकडीचा. टिटवीची लहान आणि काळी. बगळ्याची मोठी आणि पांढरी.

फोटोत काच फुटलीय, काटा गळून पडलाय, पण तबकडी आहे. मोठी आणि पांढरी. बगळा. तीन मिनिटं.

दाखला लिहून ठेवला. बाईंना एक ओळ टाकली, की आशा सोडा. लोकांना बाप चोर असण्यापेक्षा मेलेला बरा वाटतो, ही एक गंमतच आहे.

५ फेब्रुवारी

ताई मटार सोलत बसली होती. तिला फोटो दाखवला तो करमणूक म्हणून. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसली. मग बोट ठेवलं ते तबकडीवर नव्हे, खाली, कॉकपिटच्या काठावर. तिथे वीतभर कातडं शिल्लक आहे.

“ही शिवण माझी आहे,” म्हणाली.

“ताई, शिवण कोणाचीही असते.”

“हातशिलाई आहे रे. दुहेरी दोरा, आणि दर चौथ्या टाक्याला गाठ. टिटवीचा काठ मशीनखाली जायचा नाही, म्हणून मी हाताने शिवायची. बगळ्याला रेक्झिन होतं. मशीनवर भरभर मारून दिलेलं.”

मी तिला समजावलं की एकेचाळीस वर्षं ऊनपाणी खाल्लेल्या चामड्यावरच्या चार भोकांना पुरावा म्हणत नाहीत. ती म्हणाली, “तुझ्या तबकडीने काय सावलीत दिवस काढले?” मग पुन्हा मटार. जगात शहाणी माणसं कमी का आहेत, ते घरातच कळतं.

८ फेब्रुवारी

शिक्षिका स्वतः आली. न कळवता. पन्नाशीची बाई, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, पायात पुरुषी बूट. आल्या आल्या मला ‘काका’ म्हणाली. आजवर कधी तोंड पाहिलं नाही, आणि काका!

“काका, तुमची खात्री किती टक्के?”

“शंभर.”

“गणितात शंभर टक्के खात्रीला सिद्धता लागते.”

मी तिला तबकडीची सिद्धता दिली. तिने नीट ऐकून घेतली, वहीत आकृतीसुद्धा काढली. मग विचारलं, “एका विमानाचा अल्टिमीटर दुसऱ्याला बसतो का?”

“भोकाचा आकार वेगळा असतो.”

“आकार जुळवता येत नाही?”

“माझ्या सेक्शनमध्ये असले उद्योग चालत नसत. लॉगबुक काढून बघा. त्या आठवड्यात त्या टिटवीला टिटवीचाच अल्टिमीटर दुरुस्त करून बसवल्याची नोंद आहे. खाली सही माझी आहे.”

“बघितली मी,” ती म्हणाली. “म्हणूनच तुमच्याकडे आले.”

मग वही मिटली. मला वाटलं उठेल, पण नाही. म्हणाली, “मी नऊ वर्षांची होते. वर्गात कोणाचं पेन हरवलं की आधी माझं दप्तर उघडायचे. आईने घर बदललं नाही. लोक म्हणाले, बदल. ती म्हणाली, बदललं तर ते कुठे येतील? आई ब्याऐंशीची आहे, काका. अजून त्याच घरात राहतो आम्ही, त्याच शेजाऱ्यांमध्ये.”

अशा वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही, आणि सुचावं असंही वाटत नाही. मी म्हटलं, यंत्राला भावना कळत नाहीत. ताई पाणी घेऊन आली होती. ती तांब्या हातात धरून माझ्याकडे टक लावून बघत उभी राहिली. पाहुण्यांसमोर असं बघतात का?

९ फेब्रुवारी

केवळ शास्त्र म्हणून भिंग घेऊन फोटो पुन्हा बघितला.

पांढऱ्या तबकडीभोवती पत्र्याची एक कडी आहे. बगळ्याला अशी कडी नसते. म्हणजे बगळ्याच्याही फळीत काहीतरी फेरफार केलेला दिसतो. कुठल्यातरी विमानतळावरच्या टिनपाट मिस्त्रीचं काम. मात्र एक मान्य करायला हवं, काम साफ आहे. सहा स्क्रू, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत. कडा कानशीने घासून गोल केलेल्या. एवढी फुरसत आणि एवढा हात हल्ली कोणाकडे नाही. ज्याने केलं त्याला काम येत होतं.

दाखल्यात कडीचा उल्लेख करायची गरज नाही. उगाच फाटे फुटतात.

११ फेब्रुवारी

दाखला द्यायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तोंडात कापूस घातलेल्या एका माणसाला तसंच आ करून बसवलं आणि मला बाहेरच्या बाकावर आणून भिंग पुढे केलं.

“फोरमनसाहेब, ही कडी काय आहे?”

दात बघून बघून माणसाची नजर बारीक होत असावी. मी म्हटलं, मिस्त्रीकाम.

“तेच म्हणतो मी. आम्हीसुद्धा कधी कधी एका मापाची टोपी दुसऱ्या दाताला घासून बसवतो. मग ही पांढरी तबकडी मूळची कशावरून? आपण ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहू या का?”

“तुम्ही लिहा. तुम्हाला निश्चित कधी काय सांगता आलंय?”

बिचारे हसले. या माणसाचा अपमान करणं म्हणजे गादीवर बुक्के मारण्यासारखं आहे. दाखला खणात ठेवून घेतला. “पंधरापर्यंत माझ्याकडे राहू दे,” म्हणाले, “तोवर तुम्हाला काही आठवलं तर.”

आठवलं तर! मी काय विसरलोय?

१२ फेब्रुवारी

सकाळी ताईशी कडाक्याचं भांडण.

ती शिवणीचं तुणतुणं सोडेना. शेवटी मी म्हटलं, ती टिटवी असेल तर मग पांढरा अल्टिमीटर तिच्यात काय चालत गेला? त्यावर ती शांतपणे म्हणाली, “ते तू सांगायचं. सेक्शन तुझं होतं. ही कडी तू करायचास तशी दिसते. मला आरसा करून दिलास, त्याच्या चौकटीचे स्क्रूसुद्धा असेच एका रेषेत आहेत. घरात येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत होतास.”

मी आंघोळीला गेलो. तास लावला.

ठीक आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

कडी माझी आहे. फोटो आला त्या दिवशीच माहीत होतं असं मी म्हणणार नाही. नव्हतं असंही म्हणता येत नाही. टिटवीचा अल्टिमीटर अडकायला लागला होता. नवा मागवून तीन महिने झाले तरी पत्ता नव्हता. साहेब रोज विचारायचे. आणि मी भर मीटिंगमध्ये बोलून बसलो होतो की माझ्या सेक्शनमुळे विमान एक दिवससुद्धा खोळंबणार नाही. तेव्हा बगळ्याचा अल्टिमीटर घेतला, कडी केली, बसवला. लॉगबुकात लिहिलं, मूळचाच दुरुस्त केला. तात्पुरतंच होतं. नवा आला की गुपचूप बदलणार होतो. सोमवारी बसवला आणि गुरुवारी जावई गेला तो गेलाच.

म्हणजे फोटोतलं विमान टिटवीच. माझं म्हणणं शास्त्राप्रमाणे बरोबर होतं, नोंद तेवढी चुकीची होती. एका खोट्या ओळीने काही आभाळ कोसळत नाही. अशा ओळी प्रत्येक लॉगबुकात निघतील.

जेवताना ताईला सांगून टाकलं. मला वाटलं, जिंकल्यासारखा चेहरा करेल. तिने घास खाली ठेवला आणि विचारलं, “पण त्याला सांगितलं होतंस ना, तबकडी बदललीय म्हणून?”

“सांगितलंच असणार.”

“कसं सांगशील? तेव्हा तू त्याच्याशी बोलत नव्हतास. त्याने तुला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर ‘घड्याळजी’ म्हटलं होतं, तेव्हापासून.”

ही बाई काही विसरत नाही.

१३ फेब्रुवारी

नुसता हिशोब. भावना नकोत.

टिटवीच्या तबकडीवर काट्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे दहा हजार फूट. बगळा शिकाऊ विमान, उंच जातच नाही, म्हणून त्याचा पूर्ण फेरा सहा हजारांचा.

घड्याळात नऊचा आकडा असतो तिथे काटा आला, तर टिटवीच्या तबकडीवर ते साडेसात हजार. बगळ्याच्या तबकडीवर साडेचार हजार.

त्या मार्गावर ढग असले की सगळे वैमानिक काटा नवावर नेऊन ठेवायचे आणि निर्धास्त व्हायचे. हे कारखान्यात झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं.

डोंगराची उंची शिक्षिकेच्या पत्रात दिली आहे. पाच हजार दोनशे.

सोमवार ते बुधवार आकाश स्वच्छ होतं. गुरुवारी ढग होते.

आकडे होते तबकडीवर. पांढऱ्यावर काळे, ठसठशीत. डोळे होते त्याला. वाचायला काय झालं होतं? दिवसभर मी हेच घोकतोय. पण तबकडी बदललेली त्याला दिसली असणारच. काळीची पांढरी झालेली आंधळ्यालाही दिसेल. त्याने म्हटलं असेल, घड्याळजीने नवीन बसवली, चला, बरं झालं. आणि शीळ घालत गेला असेल. माझ्या कामावर विश्वास ठेवून.

आणखी एक, तेही लिहून टाकतो. सोमवारी मी चिठ्ठी लिहायला घेतली होती. ‘वैमानिकास सूचना’ एवढं लिहिलं. तेवढ्यात बाहेरून त्याची शीळ ऐकू आली. मी कागद चुरगळून टाकला. म्हटलं, बघेल त्याचा तो. एवढा मोठा जावई आहे ना.

१४ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. ताई दोनदा जेवायला बोलावून गेली.

१५ फेब्रुवारी

दवाखाना. जुना दाखला परत घेतला आणि नवा दिला. पहिल्या परिच्छेदात: विमान टिटवीच, काठाची हातशिलाई अमुक बाईंची, त्या आजही हयात असून साक्ष देतील. दुसऱ्या परिच्छेदात: पांढरा अल्टिमीटर मी बसवला, नोंद खोटी केली, वैमानिकाला सांगितलं नाही, फेऱ्यातला फरक एवढा, डोंगराची उंची एवढी.

डॉक्टरांनी दोनदा वाचला. मग दार लोटून घेतलं.

“फोरमनसाहेब, विमान ओळखायला पहिला परिच्छेद पुरेसा आहे. ताईंची शिवण आणि संग्रहालयातल्या टिटवीची शिवण शेजारी ठेवली की झालं. बाईंच्या वडिलांवरचा चोरीचा डाग गेला. दुसरा परिच्छेद कोणी मागितलेला नाही.”

“मग खातं काय लिहील? का पडलं?”

“लिहितील नेहमीचं. वैमानिकाची चूक.”

मला क्षणभर फार बरं वाटलं, हे कबूल करतो. खुर्चीवर पेशंट आ करून बसतो तसा मी बसलो होतो आणि हा माणूस न दुखवता काढून देत होता. शिवाय खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात. मी कागदाला घडी घातली, पहिल्या परिच्छेदाच्या खाली. घडीवरून नख फिरवलं. फाडायला फक्त हात वर उचलायचा होता.

मग माझ्या लक्षात आलं की हे मला छान जमतं. न लिहिणं, न सांगणं, आणि वर सगळ्या जगाला मूर्ख म्हणणं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका गोळा केल्या मी. लाल बटण आणि काय काय. या दंतवैद्याला कडी दिसली. ताईला शिवण दिसली. मला पांढरी तबकडी दिसली, कारण मला तेवढीच बघायची होती.

“आहे तसा पाठवा,” मी म्हटलं.

“नक्की?”

“शंभर टक्के,” म्हटलं, आणि मला माझीच शिसारी आली.

१६ फेब्रुवारी

दाखला गेला. मला वाटलं सुटलो. ताई म्हणाली, “खात्याला कळवलंस. ज्यांना कळवायचं त्यांना कधी?”

मी म्हटलं, खातं कळवेल.

ती म्हणाली, “उद्या चार वाजता जाऊ. मी शिक्षिकेला फोन केलाय.” लहानपणी मला इंजेक्शनला न्यायची ती अशीच, आधी सगळं ठरवून.

१७ फेब्रुवारी

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. समोर तशीच दुसरी इमारत, मध्ये चिंचोळी गल्ली. भिंतीवर त्याचा फोटो आहे. मी त्याच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची धरली.

म्हातारी खिडकीपाशी बसली होती. वाळून गेलेली, पण ताठ. शिक्षिका हळूच म्हणाली, “काका, आईला कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने बोला.” म्हातारीने हाताने खूण केली, गुदमरतंय, उघड. शिक्षिकेने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. समोरच्या गॅलरीत कपडे काढणारी एक बाई आमच्याकडे बघायला लागली.

मी वाक्य घरून तयार करून नेलं होतं. म्हटलं, “विमान टिटवीच आहे. त्यातला अल्टिमीटर बदलला गेला होता आणि त्याची सूचना द्यायची राहून गेली.”

म्हातारीने कानामागे हात धरला. “काय?”

मी आवाज चढवला. “अल्टिमीटर बदलला होता! उंचीची तबकडी! त्यामुळे त्यांना उंची चुकीची कळली!”

“कोणी बदलली?”

समोरची बाई कपडे विसरून कठड्याला टेकली होती. खालच्या दुकानातला माणूस पायरीवर येऊन वर बघत होता. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. शिक्षिका भिंतीला टेकून उभी होती, ती मला मदत करेना.

“मी!” मी म्हटलं.

“ऐकू येत नाही. मोठ्याने.”

मी उठून उभा राहिलो. या वयात मी इतका ओरडलो नव्हतो. “मी बदलली! मी! त्यांना सांगितलं नाही, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हतो! लॉगबुकात खोटं लिहिलं! ते पळाले नाहीत! विमान विकलं नाही! ते चोर नव्हते, ते टपाल घेऊन चालले होते, आणि माझ्यामुळे डोंगरावर आपटले!”

समोर वरच्या मजल्यावरही दोन डोकी आली होती. म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर एकेका गॅलरीकडे बघत होती, सावकाश, डावीकडून उजवीकडे, शिक्षक हजेरी घेतात तसं. सगळ्या बघून झाल्यावर तिने कानामागचा हात काढला.

माझा घसा पार गेला होता. मी खाली बसलो. ताई आतल्या खोलीच्या दारापाशी शिक्षिकेच्या कानात कुजबुजली, “थोडं पाणी द्याल का? त्याचा आवाज बसलाय.” इतकं हळू, की मला शब्द जेमतेम कळले.

“गार नको देऊ गं,” म्हातारी खिडकीतूनच म्हणाली. “साधं दे. गार पाण्याने घसा जास्त धरतो.”

मी तिच्याकडे पाहिलं. आता ती माझ्याकडेच बघत होती. पेला आला, तो मी दोन्ही हातांनी धरून पाणी प्यालो, आणि ती मला पिताना बघत राहिली.